बापाची सही

सोळा वर्षांच्या डेलाला बापाच्या ताब्यातून कायद्याने मोकळं व्हायचं होतं. नेब्रास्कातल्या कोर्टाच्या खिडकीपाशी बापाने निमूटपणे संमतीची सही केली. कारकूनबाईंनी ती अर्जाला जोडलेल्या, शाळेच्या जुन्या परवानगीपत्रांवरच्या सह्यांशी ताडून पाहिली. “साहेब, ही जुळत नाही. या सह्या तुमच्याच ना?” सहल, लस, दातांची तपासणी. पाचवीपासूनचे सगळे कागद, प्रत्येकावर सुबक अक्षरात त्याचं नाव. त्यातला एकही त्याने पाहिला नव्हता. त्याची कानशिलं तापली. डेलाचा चेहरा पांढराफटक पडला. सह्या तिनेच केल्यात म्हटलं, तर अर्ज बुडणार होता. “माझ्याच,” तो मान खाली घालून म्हणाला. “आज हात थरथरतोय. दुसरा कागद द्या.” बाईंनी संमतीचा कोरा कागद दिला. डेलाने सहलीचा कागद हळूच त्याच्याशेजारी सरकवला. “सावकाश कर, डॅड,” ती पुटपुटली. “शेवटचा फराटा लांब.” त्याने बघून बघून सही गिरवली. “आता जुळली,” बाई म्हणाल्या.