लांब सूर

आत परीक्षकांसमोर ब्रायनीनं आपलं पितळी कॉर्नेट ओठांना लावलं आणि बाहेर तिच्या बापानं, कीथनं, नेमकी तेव्हाच खिशातली पुदिन्याची गोळी काढली. कागद चुरचुरला. डेनिसनं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"जरा वेळ तरी गप्प बस की. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"गोळी खाल्ल्यानं स्कॉलरशिप अडते होय?"

आयुष्याचा प्रश्न होता, हे मात्र खरं. मुलींची ही शाळा त्यांच्या गावाहून टेकडीपलीकडेच होती, पण फीचा आकडा ऐकून माणसानं फाटकावरूनच परत फिरावं अशी. संगीताची स्कॉलरशिप वर्षाला एकाच मुलीला मिळायची. मिळाली तर फी माफ, राहणं-जेवणही शाळेतच. डेनिस सुपरमार्केटात पावाच्या काउंटरवर उभी राहायची. आपल्या मुलीला तिथं उभं राहायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. पण ते तिला फार हवं होतं.

कॉर्नेट गावच्या बँडचं होतं आणि शिकवलंही बँडमधल्या म्हाताऱ्यांनीच. सरावाचं वेड मात्र पोरीचं स्वतःचं, आणि तेही अजब. कीथ भर समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला होता. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. तो नसला की ब्रायनी जेमतेम अर्धा तास वाजवायची. तो घरी असला की माडीवरच्या खोलीत तिची संध्याकाळ त्यातच जायची. शेजारचे मिस्टर पॉग्सन वैतागून भिंत ठोकायचे. शेवटी डेनिसनं कॉर्नेटच्या तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं बूच आणून दिलं. पोरीनं ते एकदाही लावलं नाही.

"त्यानं आवाज खाली पोचत नाही, मम," एवढंच म्हणाली.

खाली म्हणजे बापापर्यंत, असं डेनिसनं धरून चाललं. वाढवायचं मी आणि वाजवायचं ह्याच्यासाठी! हे शल्य तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, एक कीथ सोडून. त्याला ती ते दर खेपेला ऐकवायची, आणि मग तिथूनच भांडणाला सुरुवात व्हायची.

आतली ठरलेली धून संपली. पियानोची साथ कुठं सुटली नाही. मग परीक्षकांनी कधी न पाहिलेला कागद समोर ठेवून वाजवायला सांगितलं. त्यात ब्रायनी अडखळली, सावरली, पुन्हा अडखळली. वाजवणं थांबलं, आणि नीट न बसणाऱ्या त्या जुन्या दारापलीकडून बोलणं ऐकू येऊ लागलं. संगीत विभागाच्या प्रमुख मिसेस ॲलर्टन मुलीला काहीबाही विचारत होत्या.

"बघ, अडखळली," डेनिस पुटपुटली. "शनिवारी वाचून वाजवायचा सराव करू दे म्हटलं होतं मी. तर तू तिला मासे पकडायला घेऊन गेलास."

"एक दिवस, डेनिस! एक दिवस पोरगी माझ्याबरोबर बाहेर पडली."

"बाकी सगळे दिवस तुझ्यासाठीच वाजवत असते की! माझ्यासाठी एकदा तरी वाजवलंय का तिनं?"

"हे बघ, इथं सुरू करू नकोस."

"मी? मी सुरू करते?"

भिंतीवरच्या जुन्या मुख्याध्यापिका तसबिरींतून पाहत होत्या. त्यांचीही भीड राहिली नाही. दोघांचे आवाज चढले.

आणि आतून एक सूर आला. खालचा, सरळ, लांबलचक. त्याला धून नव्हती, साथ नव्हती. दोघं चपापून गप्प झाले. थोड्या वेळानं सूरही थांबला.

"काय दमसास आहे पोरीचा," कीथ हळूच म्हणाला.

"नुसत्या दमसासाला काय चाटायचंय? वाचता यायला नको? पण तुला कुठं..."

"झालं! परत माझ्यावरच!" कीथ ओरडलाच.

सूर पुन्हा आला. तोच, पण आधीपेक्षा मोठा. दाराची काच थरथरली. डेनिस दाराकडे वळली. कीथ मान खाली घालून बसला. मग सूर हळूहळू उतरला आणि थांबला. डेनिसला उगाच आपल्या स्वयंपाकघराची आठवण झाली. तिथंही माडीवरून येणारा हा सूर असाच थांबायचा. का आठवलं, ते तिला कळेना.

दार उघडून मिसेस ॲलर्टन बाहेर आल्या. काहीतरी लागट बोलतील म्हणून डेनिस उठून उभी राहिली. पण त्यांचा आवाज मऊ होता.

"निकाल आज सांगायचा नसतो, तरी सांगते. वाचन कच्चं आहे, ते आम्ही शिकवू. अकरा वर्षांच्या मुलीला इतका लांब सूर धरताना मी आजवर ऐकलं नव्हतं. कुणी शिकवला म्हणून विचारलं, तर सांगत नाही."

"म्हणजे... जागा तिची?" डेनिसला हुंदका आवरेना.

"ती घेणार असेल तर. इथं राहायला येशील ना, असं विचारलं, तर तिनं मलाच उलट एक प्रश्न केला. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. तुम्हीच द्या."

ब्रायनी कॉर्नेट छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती. ओठांवर लाल वळ उमटला होता. तिनं आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बापाच्या. कुणाचा आवाज चढत नाही ना, याची तिनं खात्री करून घेतली.

"मी इथं राहिले, तर डॅड घरी आल्यावर कोण वाजवणार?"