जादा माप

बुधवारी मंदाकिनीबाई आणि त्यांची मुलगी वृंदा कपड्यांच्या दुकानात शिरल्या, तेव्हा दाराने बाईंना नखशिखांत मोजले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "माप जादा. मागच्या दालनात जा."

"हे दार मेलं माझ्या सासूच्या माहेरचं दिसतंय," बाई हसत म्हणाल्या. वृंदा घाईघाईने त्यांना मागच्या दालनात घेऊन गेली. यंत्राने निळा ब्लाउज तिथल्या तिथे विणून दिला. गळ्यामागे 'जादा' हा शब्दही विणीतच आला.

शुक्रवारी पहाटे मंदाकिनीबाई झोपेतच गेल्या. वृंदाचे बाबा हयात होते, म्हणून आईला सवाष्णीची हिरवी साडी नेसवायची होती. आईचा एकही ब्लाउज हिरवा नव्हता. वृंदा एकटीच दुकानात आली.

"दाराकडे मावशींचं माप आहे," विक्रेती म्हणाली. "आत्ता विणून देते."

"गळ्यामागे तो शब्द नको."

"ताई, तिथे काहीतरी विणावंच लागतं. आणि आता कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे. मीच नेसवणार आहे तिला. तिथे तिचं नाव घाला."

"मग शब्द बदलायचं कारण तुम्हालाच दाराला सांगावं लागेल. मोठ्याने, नाहीतर ते ऐकत नाही."

दारापाशी तीन बायका मापासाठी थांबल्या होत्या. वृंदा त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"मंदाकिनी माझी आई," ती म्हणाली. "तिच्यात जादा काहीच नव्हतं."