खटका

“उजवा हात दाखवा बरं, ताई,” दुकानदार म्हणाला.

तिने काउंटरवर हात आधी उताणा, मग पालथा ठेवला. दुकानदाराने तो हातात घेतला नाही, नुसता वाकून पाहिला. तरीही शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला ते रुचलं नाही.

खरेदीची कल्पना मुळात त्याचीच. बायको सार्वजनिक बागेत माळीकाम करायची आणि तिच्या मिटत्या चाकूचं पातं गेल्या आठवड्यात मुठीतून निखळलं होतं. वाढदिवसही तोंडावर आला होता. तो ग्रंथालयात कामाला. चाकू घेताना काय काय बघावं, याचे सात मुद्दे त्याने पुस्तकं चाळून कागदावर उतरवून आणले होते. कागद वरच्या खिशात होता. तो काढायची वेळच येत नव्हती.

“बोटं लांब, पण पंजा अरुंद. जाड मुठीचा नको तुम्हाला,” दुकानदार म्हणाला. “काय काय कापता?”

“सुतळी, गोणपाट, पाण्याच्या नळ्या. कधी बोटभर जाडीची फांदी.”

“फांदीला कातरी नाही?”

“आहे की. पण ती नेमकी बागेच्या दुसऱ्या टोकाला असते.”

दोघं हसली. नवऱ्याने हसायचं ठरवलं, तोवर त्यांचं हसून झालं होतं.

दुकानदाराने फडक्यावर तीन चाकू मांडले. तिने पहिला अंगठ्याने उघडला, हलवून पाहिला आणि बाजूला ठेवला. पातं डुगडुगत होतं. दुसरा उघडून त्याच्या पात्याची पाठ तिने लाकडावर टेकवून दाबली, तर पातं मिटायला लागलं.

“हा दगा देईल. खटका पुरता बसत नाहीये.”

“देईलच. म्हटलं, बघू तुमच्या लक्षात येतंय का.” दुकानदाराने तिच्या तर्जनीकडे मान झुकवली. “तो वण खटका सुटल्याचाच ना?”

“दोन वर्षं झाली. चार टाके.”

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. टाके त्याला ठाऊक होते.

“पत्रा लागला म्हणाली होतीस,” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही काळजी करत बसला असता,” ती म्हणाली आणि तिसरा चाकू उचलला.

साधी काळी मूठ, खिशाला अडकवायची पट्टी, रुंद पातं. तिने तो एका हाताने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. घरासाठी इतक्या वस्तू दोघांनी मिळून घेतल्या होत्या, पण तिच्या चेहऱ्यावर असा उजेड त्याने कधी पाहिला नव्हता. आणि तो उजेड घेऊन तिने पाहिलं ते दुकानदाराकडे.

त्याने खिशातून कागद काढला. “याचं पातं गंजेल.”

“निगा नाही राखली तर गंजेल, साहेब. पण धार सोडणार नाही.”

“आम्हाला न गंजणारा हवा. तो दाखवा.” त्याने काचेच्या कपाटातल्या नक्षीदार मुठीच्या चाकूकडे बोट केलं.

“तो छान आहे,” दुकानदार म्हणाला. “टपाल फोडायला.”

ती खुदकन हसली. नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो माणूस तिला ताई म्हणत होता, त्याला साहेब म्हणत होता, वावगं काहीच बोलत नव्हता. भांडावं तरी कशावरून?

“चल. आणखी दोन दुकानं बघू.”

तिने चाकू मिटून फडक्यावर ठेवला आणि निमूटपणे त्याच्यामागून बाहेर आली. दहा पावलांवर थांबली.

“दोन बघा, चार बघा. चाकू तोच.”

“फार बोलतो तो.”

“बोलतो. माझ्या कामाबद्दल बोलतो.”

एवढं बोलून ती रस्त्याकडेच्या बाकावर बसली. तो थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग एकटाच मागे फिरला.

दुकानदाराने तिसरा चाकू अजून आत ठेवला नव्हता. नवऱ्याने तो उघडून पाहिला. मिटायला गेला, तर मिटेना. अंगठा नेमका कुठे दाबायचा, ते सात मुद्द्यांत नव्हतं. दुकानदाराने चेहऱ्यावर हसू न आणता एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवलं. तिसऱ्या खेपेला जमलं.

“ताईंना सांगा, ओला ठेवायचा नाही,” चाकू डबीत घालताना दुकानदार म्हणाला. “आणि महिन्यातून एकदा सांध्यात तेलाचा थेंब. एकच.”

“सांगतो.”

बाकावर तिने डबी उघडली, चाकू काढून खिशाला अडकवला आणि त्याच्या दंडाला हात लावून उठली.

“काही म्हणाला का तो?”

“काही नाही.”

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर नवरा टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलेला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका हातात तिचा चाकू, दुसऱ्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. श्वास रोखून तो थेंब सोडत होता. थेंब पडला. त्याने पातं दोनदा सावकाश हलवलं, फडक्याने पुसलं आणि एका हाताने मिटलं.

ती दारातच उभी होती.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्याने कुपीचं झाकण घट्ट लावलं.

“कुणी कशाला सांगायला हवं?” तो म्हणाला. “वाचलं कुठेतरी.”