अंगात आलेला राजा

कोवळे ऊन झरोक्यातून आत आले, रिकाम्या खुर्च्यांवरून सावकाश सरकत रंगमंचावर चढले आणि राणीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीच्या गळ्यावर येऊन थांबले. तिथे पाच बोटे निळीजांभळी उमटली होती.

"काल घरी तालीम केली, ताई," राजाची भूमिका करणारा तिचा नवरा दिग्दर्शिकेला म्हणाला. "तो संशयी राजा एकदा अंगात आला की भान राहत नाही बघा. बिचारा प्रेमापोटीच मारतो तिला."

दिग्दर्शिका चमकली. "पण आपला राजा तिला हात कुठे लावतो? तो तर विष पाजतो."

"राग तोच ना!" त्याने बायकोचा दंड आवळला. "सांग गं ताईंना."

तिने दंड सोडवून घेतला. "घरी राजा येत नाही, ताई. हाच येतो."