डोक्यावर हात

"पोरं हात लावून मोजायची असतात गं," पाळणाघरातल्या सुलभामावशींनी केतकीला बजावलं होतं. केतकी हसली होती. "मावशी, आता बिल्ल्याची चूक होत नाही."

आधी व्हायची. पोराच्या करदोट्याला बांधलेला बिल्ला स्टीलच्या बाटलीआड किंवा दुसऱ्या पोराआड गेला, की दारावरच्या यंत्राला तो कळायचा नाही आणि आईबापांच्या फोनवर उगाच भोंगा वाजायचा. तक्रार करणाऱ्यांत केतकीच पुढे होती. म्हणून नवं यंत्र आलं. एखादा बिल्ला कळला नाही, तर व्हॅनमधले त्याचे रोजचे सोबती आत आले म्हणजे तेही मूल आलं, असं ते धरायचं. भोंगा बंद झाला. मावशींचं मोजणंही.

आज अकरा वाजता केतकी लेकीचा, रेणूचा, विसरलेला डबा द्यायला आली. फोनवर रेणूचं नाव हिरवं, म्हणजे 'आत', दिसत होतं. खोलीत रेणू नव्हती.

"अगं, स्क्रीनवर आहे की ती," मावशी म्हणाल्या, आणि बोलता बोलताच पांढऱ्या पडल्या.

केतकी उन्हात उभ्या असलेल्या, पोरांना आणणाऱ्या बंद व्हॅनकडे धावली. मागच्या सीटखाली तीन वर्षांची रेणू पडली होती, घामानं निथळत. चार हाका मारल्यावर तिनं डोळे उघडले. "आई, पाणी."

तिला कडेवर घेऊन केतकी दारातून आत आली. यंत्र गप्पच राहिलं. त्याच्या लेखी रेणू सकाळपासून आतच होती.

दवाखान्यातून तिनं पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "हे वाचताय ना? तुमचंही पोर आत्ता हिरवंच दिसत असेल. आधी पाळणाघरात फोन करा. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बघायला सांगा."