देवीच्या पाठीतला आवाज

ग्रीक देवळातल्या देवीच्या पाठीला शेवंता धोत्रेने यंत्र टेकवलं. मूर्ती घडवताना संगमरवरात मुरलेले आवाज ते ऐकवायचं. अडीच हजार वर्षांपूर्वीची स्तोत्रं ऐकायला सगळे कान टवकारून बसले होते. ऐकू आली ती छिन्नीची टकटक, मग खोकला, घरघर आणि पुन्हा टकटक.

"ही खरखर काढून टाक," प्रकल्पप्रमुख कर्णिक वैतागले. "उद्या उद्घाटन आहे. स्तोत्रं आपण गाऊन घेऊ."

"सर, माणूस आहे तो. दगडाची भुकटी छातीत गेलीय त्याच्या."

"म्हणूनच काढ."

शेवंताने खरखर पुसायचं बटण दाबलं. तिचे पाथरवट वडील असेच खोकून खोकून गेले. खाणमालकाच्या डॉक्टरने कागदावर कारण लिहिलं होतं, विडी. वडिलांनी जन्मात विडी ओढली नव्हती.