तिसऱ्या टोल्याआधी

हदाच्या घाटात धुकं खालून वर चढतं. बघता बघता ते दौलतच्या चपलांपर्यंत आलं, आणि डेक्लन अजून खालीच होता.

दौलतने चेंडू उडवला आणि हर्लीने समोरच्या दगडी भिंतीवर हाणला. टक्. परत आलेला चेंडू झेलला, पुन्हा हाणला. गुहागरला टेनिस बॉलच्या टूर्नामेंट गाजवलेला माणूस तो, झेल सुटायचा प्रश्न नव्हता. पण हर्ली म्हणजे काही बॅट नव्हे. डेक्लनच्या आयर्लंडमधली ती लाकडी काठी, टोकाला उलथण्यासारखी पसरट. तिकडे डेक्लन हर्लिंग खेळायचा, जिल्ह्याच्या संघातून. आता जेद्दात इंजिनीअर होता आणि शुक्रवारची सुट्टी आली की हदाला येऊन डोंगरात पळायचा, उंटांच्या जुन्या पायवाटेने खाली आणि वर, दिवस मावळेपर्यंत. कंपनीची पिकअप चालवणाऱ्या दौलतला यातलं काही पटत नसे. त्याच्या गावी माणूस डोंगरात पळताना दिसलाच, तर मागे डुक्कर लागलंय असं समजायचं.

धुक्यासाठी दोघांचं ठरलेलं होतं. मोबाइलला रेंज नाही. हॉर्न धुक्यात चहूकडून वाजल्यासारखा येतो, दिशा कळत नाही. पण हर्लीचा टोला डेक्लनला डोळे मिटूनही सापडायचा. लहानपणी तो आणि त्याचा धाकटा भाऊ गोठ्याच्या भिंतीवर आळीपाळीने चेंडू मारत. एक टोला याचा, एक त्याचा. भाऊ गेला आणि डेक्लनने खेळ सोडला. हे त्याने एकदाच गाडीत सांगितलं होतं, खिडकीबाहेर बघत. पायवाटेला शेवटी फाटा होता. उजवीकडे दौलत, डावीकडे कडा. म्हणून दौलतचे टोले थांबून चालणार नव्हतं.

टक्.

आणि खालून, कड्याच्या बाजूने, टक्.

दौलतला आधी प्रतिध्वनी वाटला. त्याने चेंडू हातात धरून ठेवला. खालून पुन्हा आलं, टक्, आणि मग काहीच नाही. आता पाळी दौलतची असावी तसं. मघापासून भिंतीवर बसलेली माकडं कधी उठून गेली ते त्याला कळलंच नव्हतं. हर्ली एकच होती आणि ती त्याच्या हातात होती.

त्याला गावाकडची संध्याकाळ आठवली. दिवेलागणीला आई, आनंदीबाई, अंगणातून बजावायची, रानातून हाक आली तर ओ देऊ नको. पहिल्या हाकेला नाही, दुसरीलाही नाही. भुताखेतांना तीनदा हाक मारता येत नाही. टोला काय आणि हाक काय, सारखंच. बारा गावचं पाणी प्यालेला, पन्नाशीला आलेला दौलत गाडीला पाठ लावून गप्प उभा राहिला.

खडीवर पावलं वाजली. डेक्लनचीच, त्याच्या बुटांचा आवाज दौलत ओळखत होता. पावलं फाट्यापाशी येऊन थांबली. ऐकत असणार. मग ती डावीकडे वळली.

तेव्हा दौलतच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण ओ दिली नाही, म्हणून आता डेक्लन देणार. तो स्वतःवर भयंकर चिडला, आईवरसुद्धा. गडबडीत चेंडू हातातून सुटून भिंतीपलीकडे गेला आणि पडल्याचा आवाजही आला नाही. मग त्याने हर्लीच दगडावर आपटली, पुन्हा पुन्हा, लाकूड चिरेपर्यंत, आणि घसा फाटेस्तोवर डेक्लनच्या नावाने ओरडला.

पावलं थबकली. मग सावकाश वर आली.

डेक्लन धुक्यातून बाहेर आला तेव्हा त्याचा गुडघा फुटला होता, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. मध्येच का थांबलास, एवढंच त्याने विचारलं. दौलतने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आईची शिकवण सांगून टाकली. खोटं बोलायला त्याला सुचलंच नाही.

"आणि तिसऱ्यांदा हाक आली तर?" डेक्लनने विचारलं.

"मग आपलंच माणूस असतं," दौलत म्हणाला. "मग ओ द्यायची."

बोलला आणि त्याने जीभ चावली. डेक्लनच्या मनात धाकटा भाऊ आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. डेक्लनने चिरलेली हर्ली त्याच्या हातातून काढून घेतली आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, पाय फाकवून, थोडा वाकून, आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

दौलतने दोनदा यल्ला, चल, म्हटलं, दंड धरून ओढलं. अंधार पडतोय, घाट उतरायचाय, असं सगळं सांगून पाहिलं. डेक्लन हलला नाही. चेंडू आता खाली होता.

खालून आलं. टक्.

थोड्या वेळाने, जरा जवळून. टक्.

डेक्लनने हर्ली उचलली आणि श्वास रोखून धरला. या माणसाला आपणच आत्ता वर आणलं, असं काहीतरी दौलतच्या मनात आलं. दोन टोले झाले होते, तिसरा डेक्लनच्या कानावर पडताच कामा नये. तो धावत गाडीत शिरला. दोन्ही तळवे हॉर्नवर ठेवून त्याने सगळं वजन टाकलं. हॉर्न धुक्यात चहूकडून वाजायला लागला. काचेपलीकडे डेक्लन हात हलवून काही ओरडत होता, बंद कर म्हणत असणार. दौलतने मान खाली घातली आणि तळवे उचलले नाहीत.